पालिकेच्या चुकीने जीव गेला, तर अमेरिकेत दावा कुठे लावायचा?

अमेरिकेत एखाद्या खाजगी कंपनीच्या ट्रकखाली माणूस गेला, तर दावा कुठे लावायचा याची वकिलाला बरीच मोकळीक असते. अपघाताची जागा, कंपनीचं मुख्यालय, कधी ड्रायव्हर राहतो ती काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग). यातलं जे न्यायालय आपल्या पक्षकाराला सोयीचं, ते निवडायचं. तोच ट्रक महापालिकेचा, कचरा उचलणारा असला की ही मोकळीक जवळजवळ संपते. दावा याच काउंटीत, या मुदतीच्या आत, आणि त्याआधी अमुक कार्यालयात लेखी अर्ज देऊनच, असं कायदा बजावतो. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांत हा विषय वेळ आल्याशिवाय कुणी काढत नाही. आणि वेळ येते तेव्हा घरात कायदा वाचायच्या मनःस्थितीत कुणीच नसतं.

या दाव्याला तिकडे ‘राँगफुल डेथ’चा दावा म्हणतात. कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे किंवा गैरकृत्यामुळे माणूस गेला, म्हणून मागे राहिलेल्यांनी मागितलेली नुकसानभरपाई. पोलिसांनी गुन्हा नोंदवला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. हा दिवाणी दावा आहे.

पूर्वी असा दावा करताच येत नसे. १८०८ साली इंग्लंडमध्ये एका घोडागाडीच्या अपघातात जखमी झालेली बाई महिन्याभराने वारली. नवऱ्याने दावा केला. न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी सांगितलं की माणसाच्या मृत्यूबद्दल दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येत नाही. नवऱ्याला भरपाई मिळाली ती अपघातापासून बायको जाईपर्यंतच्या महिन्याची; तिच्या जाण्याची नाही. म्हणजे माणूस जखमी करणं महागात पडायचं आणि मारणं स्वस्तात. हा विचित्रपणा ब्रिटिश संसदेने १८४६ मध्ये कायदा करून दूर केला, न्यूयॉर्कने १८४७ मध्ये तसाच कायदा केला, आणि भारतातला १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदाही त्याच घराण्यातला.

हा इतिहास सांगायचं कारण असं की हा हक्क परंपरेतून आलेला नाही, विधिमंडळाने दिलेला आहे. सरकारवर दावा करायची परवानगी हीसुद्धा विधिमंडळाचीच देणगी. त्यामुळे कोणी, कधी आणि कुठे दावा करायचा याच्या अटी न्यायालयं अक्षरशः पाळायला लावतात.

आधी ठरवा, प्रतिवादी कोण

अमेरिकेत सुमारे ९० हजार स्थानिक सरकारं आहेत. यात काउंट्या ३ हजारांहून थोड्या जास्त. बाकी शहरं, गावं, शाळांचे डिस्ट्रिक्ट आणि पाणी, आग विझवणं, डास निर्मूलन अशा एकेका कामापुरते नेमलेले खास डिस्ट्रिक्ट. एकाच रस्त्यावर दिवे एकाचे, गटार दुसऱ्याचं आणि डांबर तिसऱ्याचं असू शकतं. म्हणून वकील पहिला प्रश्न न्यायालयाचा विचारत नाही. तो विचारतो, रस्ता कोणाचा?

न्यूयॉर्क शहराचं उदाहरण घेऊ. समजा, क्वीन्समधल्या एका चौकात सिग्नल कित्येक दिवस बंद होता, आणि रस्ता ओलांडणारा माणूस गाडीखाली आला. रस्ता शहराचा, सिग्नल शहराचा. न्यूयॉर्क शहर पाच काउंट्यांवर पसरलं आहे: ब्राँक्स, किंग्ज म्हणजे ब्रुकलिन, न्यूयॉर्क म्हणजे मॅनहॅटन, क्वीन्स आणि रिचमंड म्हणजे स्टेटन आयलंड. शहराविरुद्धचा दावा घटना ज्या काउंटीत घडली तिथे चालवायचा, असा तिथल्या दिवाणी प्रक्रिया कायद्याचा नियम आहे. घटना शहराबाहेर घडली असेल तर मॅनहॅटनमध्ये. म्हणजे आपला दावा क्वीन्स काउंटीच्या सुप्रीम कोर्टात. हे नाव ऐकून दचकायचं कारण नाही. न्यूयॉर्क राज्यात सुप्रीम कोर्ट हे खटला पहिल्यांदा चालवणारं न्यायालय आहे. सगळ्यात वरच्या न्यायालयाला तिथे कोर्ट ऑफ अपील्स म्हणतात.

आता तोच अपघात राज्याच्या हायवेवर, राज्याच्या चुकीने झाला असं धरा. प्रतिवादी न्यूयॉर्क राज्य. मग सुप्रीम कोर्टाचं दार बंद. जायचं कोर्ट ऑफ क्लेम्समध्ये, जिथे ज्युरी, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेलं पंचमंडळ, नसते आणि न्यायाधीश एकटाच निकाल देतो. धडक देणारी गाडी अमेरिकन पोस्टाची असेल तर प्रतिवादी केंद्र सरकार. तिथे आधी संबंधित खात्याकडे २ वर्षांच्या आत लेखी मागणी करायची, रक्कम आकड्यात लिहायची, आणि ती नाकारली गेली किंवा ६ महिने उत्तरच आलं नाही, तर फेडरल, म्हणजे केंद्राच्या, डिस्ट्रिक्ट कोर्टात. तिथेही ज्युरी नाही.

अपघात केनेडी विमानतळाच्या आवारात झाला तर आणखी वेगळं. तो विमानतळ आहे क्वीन्समध्ये, जमीन शहराच्या मालकीची, पण चालवते न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांची मिळून असलेली पोर्ट अथॉरिटी. तिच्यावर दावा करायच्या किमान ६० दिवस आधी तिला नोटीस द्यावी लागते, आणि दावा बंदराच्या ठरवून दिलेल्या हद्दीत येणाऱ्या काउंटीत किंवा फेडरल जिल्ह्यातच लावावा लागतो.

शहरापुरतं बोलायचं तरी ‘शहर’ ही एकच संस्था नाही. सिटी बस चालवणारी ट्रान्झिट अथॉरिटी वेगळी, सार्वजनिक रुग्णालयांचं महामंडळ वेगळं, शाळांचं खातं वेगळं. शहराला दिलेली नोटीस यांना पोचली असं धरलं जात नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात घात होतो तो इथेच. काउंटी चुकली तर बहुतेक वेळा सावरून घेता येतं. संस्था चुकली आणि मुदत उलटली तर सावरायला काही उरत नाही.

न्यायालयाच्याही आधीचं दार

स्थानिक सरकारविरुद्धचा दावा सहसा न्यायालयात सुरू होत नाही, तो एखाद्या कारकुनाच्या टेबलावर सुरू होतो. बहुतेक राज्यांत दाव्याआधी ‘नोटीस ऑफ क्लेम’ द्यावी लागते आणि तिची मुदत पोटात गोळा यावा इतकी कमी असते.

कॅलिफोर्नियात मृत्यूच्या दाव्यासाठी ६ महिन्यांच्या आत त्या शहराच्या किंवा काउंटीच्या क्लार्क, सेक्रेटरी किंवा ऑडिटरकडे अर्ज द्यावा लागतो. त्यांना निर्णयासाठी ४५ दिवस असतात. लेखी नकार आला की त्या दिवसापासून ६ महिन्यांत न्यायालय गाठायचं. ६ महिन्यांची मुदत हुकली तर उशीर माफ करा असा अर्ज वर्षाच्या आत करता येतो, पण त्याला पटण्यासारखं कारण हवं. न्यू जर्सीत नोटिशीसाठी फक्त ९० दिवस. टेक्ससमध्ये कायद्याने ६ महिने, पण शहरांना आपल्या चार्टरमध्ये, म्हणजे शहराच्या सनदेत, याहून कमी मुदत ठेवायची मुभा आहे आणि काही शहरांनी ती ठेवलीही आहे. इलिनॉयमध्ये अशी नोटीस लागत नाही, मात्र शहर किंवा काउंटीवर दावा करायची मुदतच साधारणपणे १ वर्षाची.

न्यूयॉर्कमधला नियम बारकाईने बघण्यासारखा आहे, कारण तिथे एकाच मृत्यूची दोन घड्याळं चालतात. मृत्यूबद्दलच्या दाव्यासाठी नोटिशीचे ९० दिवस मोजायचे ते मृताच्या मालमत्तेवर प्रतिनिधी नेमला गेल्या दिवसापासून. पण माणूस जागच्या जागी न जाता काही तास किंवा काही दिवस वेदना सोसून गेला असेल, तर त्या वेदनांचा दावा वेगळा धरला जातो आणि त्याचे ९० दिवस अपघाताच्या दिवसापासून सुरू होतात. अंत्यविधी, अस्थी, विमानाची तिकिटं, बँकेची कागदपत्रं यात तीन महिने कुठे जातात कळतही नाही. मुख्य दावा मृत्यूपासून २ वर्षांत लावायचा असतो, आणि ‘दोन वर्षं आहेत हो’ हे तेवढंच ऐकून कुटुंब निवांत राहतं.

ही नोटीस शहराच्या बाबतीत कम्प्ट्रोलरच्या, म्हणजे शहराचे हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयाकडे जाते. तिच्यात दावेदाराचं नाव-पत्ता, घटनेची वेळ, जागा, प्रकार आणि झालेली हानी शपथेवर लिहावी लागते. जागा म्हणजे नुसतं ‘अमुक रस्त्यावर’ नाही. कोणत्या दोन रस्त्यांचा चौक, त्याचा कोणता कोपरा, कोणत्या बाजूचा क्रॉसवॉक, खांब कुठला, इतकं नेमकं. कारण शहराच्या माणसाला तिथे जाऊन पाहणी करता आली पाहिजे, हाच नोटिशीचा हेतू. त्यानंतर शहर दावेदाराला बोलावून शपथेवर प्रश्न विचारू शकतं, तेही दावा लागायच्या आधी.

खड्ड्यांच्या बाबतीत तर न्यूयॉर्कमध्ये एक जास्तीची अट आहे: तो खड्डा आहे हे शहराला आधीच लेखी कळलेलं असलं पाहिजे, नाहीतर जबाबदारी नाही. यावर तिथल्या वकिलांनी काय करावं? एक संस्था काढली, माणसं लावून फुटपाथांवरचे खड्डे नकाशांवर नोंदवले आणि ते नकाशे शहराकडे जमा केले. लेखी कळवलं की नाही, हा वादच मिटला. विषय थोडा बाजूचा आहे, पण कायद्याच्या अटी आणि वकिलांची चलाखी यांची शर्यत कशी चालते ते यातून दिसतं.

पोलिसांनी पंचनामा केला म्हणजे शहराला कळलंच, असं समजू नका. पोलिसांची नोंद ही नोटीस ठरत नाही.

दावा करणार कोण?

कुठे दावा करायचा याच्या आधी आणखी एक न्यायालय आडवं येतं. न्यूयॉर्क, फ्लोरिडा यांसारख्या राज्यांत बायको, मुलं किंवा आईवडील थेट स्वतःच्या नावाने दावा लावू शकत नाहीत; मृताचा अधिकृत प्रतिनिधी तो लावतो आणि मिळालेले पैसे कायद्याने ठरलेल्या वारसांना जातात. हा प्रतिनिधी नेमतं वारसाहक्काचं न्यायालय, न्यूयॉर्कमध्ये त्याचं नाव सरोगेट्स कोर्ट. कॅलिफोर्नियात जोडीदार, मुलं असे जवळचे वारस स्वतः दावा करू शकतात.

भारतात राहणाऱ्या नातेवाइकांसाठी यात एक अडचण आहे. न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणे, तिथे कायमचं वास्तव्य नसलेला परदेशी नागरिक एकटा प्रतिनिधी होऊ शकत नाही. त्याच्या जोडीला न्यूयॉर्कमध्ये राहणारा सहप्रतिनिधी लागतो. मुलगा तिकडे गेला आणि आईवडील इकडे, अशा कुटुंबाला म्हणूनच सगळ्यात आधी वकीलही नाही, तर तिथला विश्वासाचा एक माणूस शोधावा लागतो.

काउंटी कोणती?

आता मूळ प्रश्न. बहुतेक राज्यांचं उत्तर थोडक्यात एकच: सरकारच्याच अंगणात. तपशील मात्र राज्यागणिक बदलतात.

कॅलिफोर्नियात शहराच्या किंवा काउंटीच्या हद्दीत, तिच्या निष्काळजीपणाने इजा झाली असेल तर खटला त्याच काउंटीत चालतो. टेक्ससमध्ये सरकारच्या चुकीबद्दलचा दावा राज्याच्या न्यायालयात आणि दाव्याचं कारण, निदान त्याचा काही भाग, ज्या काउंटीत घडला तिथेच लावायचा. शिवाय १ लाख किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या काउंटीतल्या स्थानिक संस्थांसाठी ‘आमच्याच काउंटीत या’ असा वेगळा नियम आहे. न्यू जर्सीत पालिका, काउंटी आणि सार्वजनिक संस्थांविरुद्धचे दावे घटना घडली त्या काउंटीत. इलिनॉय जरा सैल: संस्थेचं मुख्य कार्यालय असलेली काउंटी किंवा घटना घडलेली काउंटी, दोन्हींपैकी एक. फ्लोरिडात विधिमंडळाने नव्हे, न्यायालयांनी घडवलेला ‘होम व्हेन्यू’चा विशेषाधिकार आहे: सरकारी संस्थेचं मुख्यालय जिथे, तिथेच तिच्यावर दावा, अपघात दुसऱ्या काउंटीत झाला असला तरी. कठोर वाटतो ना? फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टालाही तो वाटला असावा. १९८३ साली त्याने एक फट ठेवली: सरकारी संस्थेबरोबर दुसराही कोणी दोषी असेल आणि दोघांवर एकत्र दावा असेल, तर न्यायाधीश परिस्थिती पाहून हा विशेषाधिकार बाजूला ठेवू शकतात.

सगळ्यात वेगळं वॉशिंग्टन राज्य. तिथे काउंटीवर दावा करायचा तर त्याच काउंटीच्या सुपिरियर कोर्टात, किंवा सर्वांत जवळच्या दोन न्यायिक जिल्ह्यांपैकी कुठल्याही एकात लावता येतो. ज्याच्यावर दावा, त्याच्याच गावात निकाल, ही अडचण त्या राज्याने ओळखली. मला हा नियम बाकीच्यांपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

अंगणातच का, याची कारणं उघड आहेत. नोंदी तिथे, साक्षीदार तिथे, इंजिनियर आणि अग्निशमन दलाचे जवान तिथले. त्यांना दोनशे मैलांवरच्या न्यायालयात दिवसदिवस बसवलं तर गावाची कामं अडतात, आणि वकिलांचा खर्च शेवटी करदात्यांच्या माथी. यामागे जुनी ब्रिटिश वृत्तीही आहे. १७८८ साली इंग्लंडमध्ये एका माणसाच्या गाडीचं नुकसान नादुरुस्त पुलामुळे झालं. पूल डेव्हन काउंटीचा. त्याने ‘डेव्हनचे पुरुष’ यांच्यावर, म्हणजे अख्ख्या काउंटीवर दावा केला. न्यायालयाने तो फेटाळला. काउंटीकडे पैसे द्यायला वेगळा निधी नाही, आणि सगळ्या जनतेची गैरसोय होण्यापेक्षा एकाने नुकसान सोसलेलं बरं, असा त्यातला सूर होता. अमेरिकेतल्या न्यायालयांनी हा निकाल पुढे कित्येक वर्षं उचलून धरला. आज दावा करता येतो, पण ‘करायचाच तर आमच्या सोयीने’ यात तो सूर अजून ऐकू येतो.

दुसरी बाजूही बघा. ज्युरी त्याच काउंटीतून येते. भरपाई गेली तर ती ज्यांच्या करातून जाणार, तेच लोक ठरवणार की द्यायची की नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा तर स्पष्टच म्हणतो की केवळ त्या शहराचा किंवा काउंटीचा करदाता आहे म्हणून कुणाला ज्युरीतून वगळता येणार नाही. व्यवहारात याचा परिणाम काउंटीगणिक वेगळा होतो. जिथे लोकांचा पोलिसांवर राग आहे तिथे स्थानिक ज्युरी शहरालाच जड जाते. छोट्या काउंटीत, जिथे रस्ते खात्याचा प्रमुख ज्युरीतल्या कुणाच्या शेजारी राहतो, तिथे उलटं.

फेडरल कोर्टाचं दार

हे सगळं झालं राज्याच्या कायद्याखालच्या दाव्याचं. मृत्यू पोलिसांच्या गोळीने, तुरुंगातल्या हेळसांडीने किंवा अशाच एखाद्या, राज्यघटनेने दिलेल्या हक्कांवर घाला घालणाऱ्या वागण्याने झाला असेल, तर दुसरा रस्ता उघडतो. तो १८७१ साली, यादवी युद्धानंतरच्या काळात केलेल्या नागरी हक्कांच्या कायद्यातून आला आहे. वकील त्याला ‘सेक्शन १९८३’ म्हणतात. (हे साल नाही, कलमाचा आकडा आहे.) १९७८ च्या मोनेल निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या कलमाखाली शहरांवर आणि काउंट्यांवर थेट दावा करता येतो, पण एका कर्मचाऱ्याने चूक केली एवढं पुरत नाही, ती संस्थेच्या धोरणातून किंवा रूढ पद्धतीतून घडली हे दाखवावं लागतं.

हा दावा फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात लावता येतो. कोणत्या जिल्ह्यात, तर घटना घडली त्या, किंवा सगळे प्रतिवादी एकाच राज्यातले असतील तर त्यांच्यापैकी कुणी राहतो त्या. शहराच्या बाबतीत दोन्ही उत्तरं सहसा एकाच ठिकाणी नेतात. फरक पडतो तो ज्युरीचा: फेडरल जिल्हा अनेक काउंट्यांचा असतो, त्यामुळे ज्युरी लांबलांबून येते. नोटिशीचंही ओझं नाही. मिलवॉकीतल्या एका प्रकरणात १९८८ साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं की राज्याची नोटिशीची अट या फेडरल दाव्याला लावता येणार नाही, तो राज्याच्या न्यायालयात लावला असला तरीसुद्धा.

२०२० सालची दोन गाजलेली प्रकरणं शेजारी ठेवली की दोन दारं कशी वापरली जातात ते दिसतं. पोलिसाच्या गुडघ्याखाली दबून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या कुटुंबाने मिनिआपोलिस शहर आणि पोलिस अधिकाऱ्यांवरचा दावा जुलै २०२० मध्ये फेडरल कोर्टात लावला. मार्च २०२१ मध्ये शहराने २ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड केली. स्वतःच्या घरात पोलिसांच्या गोळीने मेलेल्या ब्रिओना टेलरच्या आईने लुईव्हिलच्या पोलिस अधिकाऱ्यांवर दावा लावला तो राज्याच्या न्यायालयात, जेफरसन काउंटीच्या सर्किट कोर्टात; सप्टेंबर २०२० मध्ये शहराने १ कोटी २० लाख डॉलर मान्य केले. दोन्ही प्रकरणं निकालापर्यंत गेलीच नाहीत.

पण फेडरल दार दिसतं तेवढं रुंद नाही. नुसत्या निष्काळजीपणाला तिथे थारा नाही; बंद सिग्नलचा दावा घेऊन तिथे गेलात तर परत पाठवतील. कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावात १९९९ मध्ये नवऱ्याने न्यायालयाचा मनाई हुकूम मोडून तीन मुलींना नेलं, आई रात्रभर पोलिसांना विनवत राहिली, पोलिसांनी हालचाल केली नाही, आणि मुलींचा जीव गेला. तिने गावावर फेडरल दावा केला. २००५ साली सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला: मनाई हुकूम पोलिसांनी अमलात आणलाच पाहिजे असा घटनात्मक हक्क तिला नव्हता. ही हकिकत वाचताना हात थरथरतात, पण कायदा त्या दारातून तिला आत घेऊ शकला नाही.

दोन दारांच्या मधोमध

मग एखाद्याने फेडरल दार ठोठावलं आणि ते बंद झालं तर? तोवर राज्यातली मुदत संपलेली असणार. हा प्रश्न जिंक्स विरुद्ध रिचलंड काउंटी या प्रकरणात नेमका उभा राहिला, आणि या विषयावर एकच निकाल वाचायचा असेल तर मी हा सुचवेन.

साउथ कॅरोलायनात १९९४ साली मुलाच्या पोटगीचे पैसे थकवल्याबद्दल एका माणसाला काउंटीच्या कोठडीत टाकलं. त्याला दारूचं व्यसन होतं. दारू एकदम तुटल्याने चौथ्या दिवशी तो कोठडीतच दगावला. बायकोने मुदतीच्या आत फेडरल कोर्टात दावा केला. त्यात दोन गोष्टी एकत्र होत्या: घटनात्मक हक्कांचा फेडरल दावा, आणि राज्याच्या कायद्याखालचा मृत्यूचा दावा. एकाच घटनेतून आलेले दावे असे जोडीने लावता येतात. फेडरल न्यायाधीशाने पहिला दावा फेटाळला आणि दुसऱ्याबद्दल सांगितलं, तो राज्याच्या न्यायालयात न्या.

ती तिकडे गेली. ज्युरीने तिला ८० हजार डॉलर दिले. काउंटीने अपील केलं: राज्याच्या कायद्याप्रमाणे मुदत २ वर्षांची, ती केव्हाच संपली. बायकोची बाजू अशी की फेडरल कोर्टात दावा चालू असताना आणि तो फेटाळल्यापासून ३० दिवस राज्यातली मुदत थांबलेली असते, असं फेडरल कायद्यातच लिहिलं आहे. साउथ कॅरोलायनाचं सुप्रीम कोर्ट म्हणालं, आमच्या काउंटीवर दावा कधीपर्यंत करता येईल हे केंद्राने ठरवायचं नाही. ८० हजार गेले.

२००३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने हा निकाल उलटवला. निकालपत्र न्यायमूर्ती स्कॅलिया यांचं. ही तरतूद नसती, तर लोकांनी एकाच घटनेचे दोन दावे दोन न्यायालयांत एकाच वेळी चालवले असते किंवा मुदतीच्या भीतीने एक हक्क सोडून दिला असता, असा त्यातला युक्तिवाद आहे. आदल्याच वर्षी, २००२ मध्ये, याच न्यायालयाने मिनेसोटा विद्यापीठाच्या एका प्रकरणात उलट सांगितलं होतं: राज्यावरचा दावा राज्याच्या सार्वभौमत्वामुळे फेडरल कोर्टातून बाद झाला, तर ही मुदतीची सवलत मिळत नाही. फरक कुठे आहे? विद्यापीठ हे राज्याचाच हात. काउंटी मात्र राज्य नव्हे; राज्यासारखं सार्वभौमत्वाचं कवच तिला नाही, हे तर १८९० पासून ठरलेलं आहे. पुन्हा तोच प्रश्न: प्रतिवादी नेमका कोण?

काउंटी चुकली तर

चुकीच्या काउंटीत दावा लागला म्हणून तो सहसा मरत नाही. दुसऱ्या बाजूने हरकत घेतली की न्यायालय तो योग्य काउंटीकडे पाठवतं. हरकत वेळेवर घ्यावी लागते. टेक्ससमध्ये दावा हलवण्याचा अर्ज उत्तराच्या आधी किंवा उत्तराबरोबरच द्यावा लागतो. नाही दिला तर हरकत सोडली असं धरतात. फेडरल कोर्टात न्यायाधीशाला दोन पर्याय असतात, दावा फेटाळणं किंवा न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास योग्य जिल्ह्याकडे पाठवणं. उलट, शहराने राज्याच्या न्यायालयात लागलेला फेडरल दावा उचलून फेडरल कोर्टात नेणं हेही रोजचंच आहे. त्यासाठी दाव्याची प्रत मिळाल्यापासून त्यांना ३० दिवस असतात. म्हणजे तुम्ही क्वीन्सची ज्युरी मनात धरून दावा लावला, आणि त्यात सेक्शन १९८३ चा एक परिच्छेद घातला, तर महिन्याभरात तो ब्रुकलिनमधल्या फेडरल कोर्टात गेलेला दिसू शकतो. क्वीन्सचीच ज्युरी हवी असेल, तर अनुभवी वकील तो परिच्छेद मुळात घालतच नाहीत.